बेस अँप मध्येच बंद पडतो किंवा आवाज पुरत नाही? आधी मागची जोडणी मोजा

बेस गिटार वाजवणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची आहे. हेड (अँपचा वेगळा डबा) चांगलं, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) चांगलं, एकट्याने सराव करताना काहीच त्रास नाही. ड्रम आणि दोन गिटारांबरोबर वाजवायला घेतलं की चार-पाच गाण्यांनी अँप गप्प होतो. थोडा वेळ बंद ठेवला की सुरू होतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसरी तक्रार अशी, की ५०० वॉटचा अँप घेऊनही बँडमध्ये बेस ऐकूच येत नाही आणि नॉब वाढवला की आवाज फाटतो.

दोन्ही वेळा माणूस नवा अँप शोधायला लागतो. खरं तर बहुतेक वेळा अँपही ठीक असतो आणि स्पीकरही ठीक असतात, फक्त ते एकमेकांना जुळत नसतात. जुळतात का हे पाहताना लोक वॉटपासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. पहिला आकडा ओहमचा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा. ओहम चुकला तर अँप जळू शकतो, वॉट थोडे कमीजास्त झाले तर फक्त जपून वाजवावं लागतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी ओहम, मग केबल, मग वॉट. स्पीकर दहा इंची की पंधरा इंची ही चर्चा त्याच्याही नंतर.

बंद पडतो, पण नेमका कधी?

काहीही उघडण्याआधी एवढं लक्ष देऊन पाहा. वीस-पंचवीस मिनिटं छान चालून मग गप्प होत असेल, हात लावल्यावर अँप चटका बसेल इतका तापलेला असेल आणि गार झाल्यावर आपोआप चालू होत असेल, तर उष्णतेचं संरक्षण काम करतंय. थंड असतानाही एखादा जोरदार खालचा सूर मारला की क्षणभर आवाज जात असेल, तर अँपला एकदम खूप करंट द्यावा लागतोय आणि तो स्वतःला वाचवतोय. दोन्हीकडे पहिला संशय एकच: अँपच्या मागे त्याला झेपतो त्यापेक्षा जास्त लोड लावलाय, म्हणजे जोडलेल्या स्पीकरांचा मिळून ओहम फार कमी आहे.

आवाज जातो, पण अँपवरचा दिवा, फॅन, मीटर सगळं व्यवस्थित चालू असतं आणि केबल हलवली की आवाज परत येतो, असं असेल तर ओहमचा भाग सोडून सरळ केबलवर जा.

ओहमचा हिशेब

हेडच्या मागे, स्पीकरच्या जॅकजवळ, ‘४ ओहम मिनिमम’ किंवा अशाच अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं. ट्रान्झिस्टरवर किंवा क्लास डीवर (हलक्या, कमी तापणाऱ्या प्रकारावर) चालणाऱ्या अँपसाठी याचा अर्थ सरळ आहे. जोडलेल्या सगळ्या स्पीकरांचा मिळून ओहम या आकड्याच्या खाली जाता कामा नये. वर गेला तर चालतं, ताकद कमी मिळते एवढंच.

गोंधळ होतो तो दुसरं कॅबिनेट लावताना. ८ आणि ८ म्हणजे १६ झाले, असं मनातल्या मनात धरलं जातं. पण हेडवरचे दोन जॅक जवळजवळ नेहमी समांतर जोडलेले असतात, आणि कॅबिनेटवरचे दोन जॅकही तसेच. म्हणजे एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात केबल नेली तरी ती समांतर जोडणीच झाली. समांतर जोडणीत ओहम घटतो. टाकीला आणखी एक नळ बसवला की पाणी जास्त वाहतं, तसा स्पीकर वाढला की अँपमधून करंट जास्त ओढला जातो.

८ ओहमची दोन कॅबिनेट म्हणजे ४ ओहम. ४ ओहमची दोन म्हणजे २. ८ ओहमची तीन म्हणजे सुमारे २.७. वेगवेगळे ओहम असतील तर गुणाकाराला बेरजेने भागा: ८ आणि ४ असतील तर गुणाकार ३२, बेरीज १२, म्हणजे पुन्हा सुमारे २.७. ज्या अँपची मर्यादा ४ ओहमची आहे त्याला २.७ चा लोड दिला तर तो लगेच बंद पडत नाही, आणि घोटाळा इथेच आहे. हळू आवाजात करंट कमी असतो, म्हणून सरावाच्या खोलीत सगळं सुरळीत वाटतं. आवाज वाढला, वेळ गेला, आतलं हीटसिंक तापलं, की मग तो गप्प होतो. संरक्षण चांगलं असेल तर नुसता गप्प होतो. ते चांगलं नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात, आणि तो खर्च मोठा असतो.

काही हेड २.६७ किंवा २ ओहमपर्यंत चालतात, पण तसं मागे स्पष्ट छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर ४ हीच मर्यादा धरा. दोन चॅनेलचा पॉवर अँप ब्रिज करून (दोन्ही चॅनेल मिळून एकच आउटपुट) वापरत असाल तर आणखी जपा. ब्रिज केल्यावर प्रत्येक बाजूला निम्माच ओहम दिसतो. ४ ओहमचं कॅबिनेट तिथे २ ओहमसारखा त्रास देतं.

कॉम्बो अँपमध्ये (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) एक गोष्ट हमखास विसरली जाते. आतला स्पीकर हाही लोडच आहे. आतला स्पीकर ८ ओहमचा असेल आणि मर्यादा ४ ची असेल, तर बाहेर ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावता येतं. आतलाच ४ ओहमचा असेल तर बाहेर काहीही लावायची सोय नाही, मग मागे जादा जॅक दिसत असला तरी.

लेबलवर विसंबू नका, मोजा

जुन्या कॅबिनेटवर लिहिलेला ओहम खरा असेलच असं नाही. मध्ये कोणीतरी स्पीकर बदललेले असतात, आतली वायर वेगळ्या तऱ्हेने जोडलेली असते. साधा मल्टिमीटर असला तर पाच मिनिटांत कळतं.

कॅबिनेट अँपपासून पूर्ण सोडवा. मीटर सगळ्यात खालच्या ओहमच्या रेंजवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. शून्य यायला हवा, पण स्वस्त मीटरवर ०.२ ते ०.५ असं काहीतरी दिसतं. तो पिनांच्या वायरचा स्वतःचा रोध, नंतर वजा करायचा. आता कॅबिनेटमध्ये स्पीकर केबल लावा आणि तिच्या मोकळ्या टोकाला मोजा. केबलला जॅकची पिन असेल तर मीटरची एक पिन तिच्या टोकावर, दुसरी दांड्यावर. स्पीकॉन (फिरवून अडकवायचा स्पीकरचा जोड) असेल तर १+ आणि १− वर.

आकडा लेबलपेक्षा कमी येईल, घाबरू नका. मीटर डीसी रोध मोजतो. ८ ओहमच्या कॅबिनेटला साधारण साडेपाच ते सात दिसतो, ४ ओहमच्याला तीन ते साडेतीन, १६ च्याला अकरा ते तेरा. मोजताना स्पीकरच्या पडद्याला हळूच हात लावून दाबलं तर आकडा थोडा नाचतो, कारण पडद्यामागची तारेची कॉइल चुंबकात हलली की स्वतःच वीज निर्माण करते. नाचला म्हणजे त्या स्पीकरची कॉइल जिवंत आहे. शून्याच्या जवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो मिळेपर्यंत ते कॅबिनेट कुठल्याही अँपला लावू नका. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलीय किंवा आतली वायर निसटलीय.

चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये खरी मजा आहे. समजा आत ८ ओहमचे चार स्पीकर आहेत आणि दोन-दोन एकसर (एकामागे एक) जोडून त्या दोन जोड्या समांतर केल्यात. एकूण ८ ओहम, मीटरवर सहाच्या आसपास. यातला एक स्पीकर गेला तर त्याच्याबरोबर एकसर असलेला दुसराही गप्प होतो, जरी तो धडधाकट असला तरी. मीटरवर आता बारा दिसतील. कॅबिनेट १६ ओहमचं झालं, अँपची ताकद घटली, निम्मे स्पीकर बंद. बाहेरून मात्र जाळीमुळे काहीच दिसत नाही आणि वाजवणारा म्हणतो, अँपमध्ये दम राहिला नाही. काही कॅबिनेटमध्ये उलट असतं: दोन-दोन समांतर आणि त्या जोड्या एकसर. तिथे एक स्पीकर गेला की त्याच्या जोडीदारावर जवळजवळ पावणेदोन पट ताकद पडते आणि काही दिवसांत तोही जातो. म्हणून ‘एकच तर गेलाय, तीन चालू आहेत’ असं म्हणून वाजवत राहू नका.

पडद्यांना एकेक करून बोटांच्या टोकांनी, मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब देत, अगदी हळू आत ढकलून पाहा. मऊपणे आत-बाहेर व्हायला हवा. आत खरखर जाणवली तर कॉइल घासतेय. अशा स्पीकरचा ओहम बरोबर येतो, आवाज मात्र फाटका येतो.

व्हॉल्व्हवाल्या अँपला वेगळे नियम

आतापर्यंतचं सगळं ट्रान्झिस्टरवाल्या अँपचं. व्हॉल्व्ह अँपमध्ये व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आणि तिथे ‘वर गेलं तर चालतं’ हा नियम लागू नाही. मागे ४, ८, १६ असे वेगळे जॅक किंवा फिरवायचा स्विच असतो. जेवढा एकूण लोड, तोच जॅक वापरायचा. ८ ओहमची दोन कॅबिनेट लावली तर स्विच ४ वर.

सगळ्यात वाईट म्हणजे व्हॉल्व्ह अँप स्पीकरशिवाय चालू करून वाजवणं. लोडच नसेल तर ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज तयार होतं, व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ठिणगी उडते, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातलं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्झिस्टरच्या अँपला स्पीकरशिवाय ठेवलं तर काही होत नाही, म्हणून तीच सवय इकडे लागते आणि महागात पडते. व्हॉल्व्ह अँपची स्पीकर केबल आधी लावायची, स्टँडबायचा स्विच नंतर उघडायचा. यात मी कधीच सूट देत नाही.

जुळणी मुळातून कशी करायची याचा सुंदर नमुना बेसच्याच दुनियेत आहे. अँपेगचं एसव्हीटी हेड १९६९ साली आलं, ३०० वॉटचं, व्हॉल्व्हवर चालणारं. त्याच्याबरोबरच्या दहा इंची आठ स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये एकेक स्पीकर ३२ ओहमचा असतो आणि आठही समांतर, म्हणजे एकूण ४ ओहम. सुरुवातीला एका हेडला अशी दोन कॅबिनेट लावत, कारण त्या काळच्या स्पीकरांना ३०० वॉट एकट्या कॅबिनेटमध्ये झेपत नसत. आकड्यांचा विचार आधी झाला होता, म्हणून ते यंत्र अजून रंगमंचावर उभं आहे.

केबल

गिटारची केबल आणि स्पीकरची केबल बाहेरून सारखीच दिसतात, पिनही तीच. आत फार फरक आहे. गिटारच्या केबलमध्ये मधे एक बारीक तार आणि भोवती जाळी असते, कारण तिला फक्त नाजूक सिग्नल न्यायचा असतो. स्पीकरला जाणारा करंट कित्येक अँपिअरचा असतो. तो त्या बारीक तारेतून गेला की तार तापते, ताकद वाटेतच वाया जाते, आतलं प्लॅस्टिक मऊ होऊन शॉर्ट होऊ शकतो. त्या शॉर्टने ट्रान्झिस्टरचा अँप क्षणात जाऊ शकतो. स्पीकर केबलमध्ये दोन सारख्या जाड तारा शेजारी शेजारी असतात, बेससाठी किमान दीड चौरस मिलिमीटरच्या, अडीच असल्या तर आणखी चांगलं. ओळखायची खूण: पिनचं कव्हर फिरवून काढा. दोन जाड, सारख्या तारा दिसल्या तर स्पीकरची. एक बारीक तार आणि पिळलेली जाळी दिसली तर गिटारची, ती स्पीकरपासून दूर ठेवा. तपासून झालं की स्पीकरच्या केबलवर रंगीत टेप गुंडाळून ठेवा, म्हणजे अंधारात घाईने जोडताना गफलत होत नाही.

जॅकपेक्षा स्पीकॉन मला केव्हाही बरा वाटतो. जॅकची पिन घालता-काढताना टोक आणि दांडा क्षणभर एकमेकांना टेकू शकतात. अँप चालू असेल तर तोच शॉर्ट. स्पीकॉन आत घालून पाव वळसा फिरवला की खट्ट आवाज होतो आणि तो अडकतो. तो ‘खट्ट’ ऐकू आलाच पाहिजे. नुसता आत बसवलेला स्पीकॉन थरथरीने सैल होतो आणि आवाज येतो-जातो.

क्लास डीच्या बऱ्याच छोट्या हेडमध्ये आउटपुट आतल्या आत ब्रिज केलेलं असतं. दोन्ही तारांवर सिग्नल, कुठलीच तार जमिनीची नाही. अशा हेडच्या स्पीकर आउटपुटची कुठलीही तार दुसऱ्या उपकरणाच्या अर्थला किंवा दुसऱ्या अँपच्या आउटपुटला लावू नका. दोन हेड मिळून एक कॅबिनेट वाजवायचा विचार तर मनातही आणू नका, हेड कुठल्याही प्रकारचं असलं तरी.

आता वॉट

हेडवर ‘५०० वॉट’ लिहिलेलं असतं, ते बहुधा ४ ओहमला. तेच हेड ८ ओहमच्या एका कॅबिनेटला साधारण २५० ते ३०० वॉट देतं. लोक इथे निराश होतात. पण कानाच्या हिशेबात निम्मे वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून ५०० वॉटवरून ८०० वॉटच्या हेडवर गेल्याने जवळपास काहीच बदलत नाही, कॅबिनेट बदलल्याने किंवा वाढवल्याने खूप बदलतं.

कॅबिनेटच्या कागदावर एक आकडा दुर्लक्षित राहतो: १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. एक कॅबिनेट ९७ आणि दुसरं १०० असेल, तर दुसरं कॅबिनेट लावणं म्हणजे अँपचे वॉट दुप्पट करण्यासारखं आहे, एक रुपयाचाही नवा अँप न घेता. आणि ८ ओहमच्या एका कॅबिनेटला तसंच दुसरं जोडलं तर अँपची ताकदही वाढते आणि दोन्ही कॅबिनेट मिळून जास्त हवा ढकलतात. खालच्या सुरांत ही वाढ ६ डेसिबलच्या आसपास जाते. ‘आवाज पुरत नाही’ या तक्रारीवर मला माहीत असलेला सगळ्यात खात्रीचा उपाय हाच: तसंच दुसरं ८ ओहमचं कॅबिनेट.

स्पीकरवर लिहिलेले वॉट कॉइल न जळता किती उष्णता सहन करते ते सांगतात. बेसमध्ये त्याआधीच दुसरी मर्यादा येते. खालचा सूर वाजवताना पडदा किती आत-बाहेर होतो, याला सीमा आहे. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची बी तार ३१ हर्ट्झची. ३०० वॉटचा स्पीकर या सुरांना त्याच्या निम्म्यातच पडदा हलण्याच्या टोकाला पोचू शकतो. छिद्रवाल्या कॅबिनेटमध्ये तर ज्या सुरावर ते ट्यून केलेलं असतं त्याच्या खाली आतल्या हवेचा आधारच सुटतो आणि पडदा मोकाट हलतो. तेव्हा जो ‘फट्‌’ असा आवाज येतो तो अँपचा नसून स्पीकरचा असतो, आणि तो ऐकू आला की लगेच आवाज कमी करायचा.

इथे इक्वलायझरची करामत पाहा. बेसचा नॉब ६ डेसिबल वाढवला तर त्या सुरांना चौपट वॉट लागतात. १२ डेसिबल वाढवला तर सोळापट. एकट्याने वाजवताना हा नॉब पूर्ण उजवीकडे फिरवला की पोटात गडगड होते आणि छान वाटतं, बँडमध्ये तोच आवाज बेस ड्रममध्ये विरघळून जातो आणि अँपची सगळी ताकद तिथेच खर्च होते. नॉब मधोमध आणा, २०० ते ८०० हर्ट्झचा भाग थोडा वाढवा. बोटांचा स्पर्श, सुराची ओळख, गाण्यातली चाल, हे सगळं तिथे आहे. हाय-पास फिल्टर (ठराविक सुराच्या खालचं कापणारा) असेल तर ३० ते ४० हर्ट्झच्या आसपास लावा. ऐकताना फारसा फरक कळत नाही, पण पडद्याचं निरर्थक हलणं थांबतं आणि अँपला श्वास घ्यायला जागा मिळते.

अँप लहान असला की स्पीकर जळतो असं एक मत फार पसरलंय. त्यातलं खरं एवढंच, की अँप त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला की लाटेचे माथे कापले जातात, आणि पूर्ण कापलेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या साध्या लाटेच्या दुप्पट ताकद असते. ३०० वॉटचा अँप अशा वेळी ६०० च्या जवळ देऊ शकतो. शिवाय वरचे सूर वाढतात आणि ते ट्विटरवर (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरवर) जातात, म्हणून पहिला बळी ट्विटरचा. ३०० वॉटच्या कॅबिनेटला ५० वॉटचा अँप कितीही फाटला तरी वूफर (मोठा स्पीकर) जाळणार नाही. साधारण नियम म्हणून कॅबिनेटचे एकूण सततचे वॉट अँपच्या त्या ओहमवरच्या वॉटइतके ठेवा. अँप थोडा मोठा असला तरी चालेल, कान जागे हवेत.

वेगवेगळी कॅबिनेट एकत्र लावताना

दहा इंची चार आणि पंधरा इंची एक, ही जोडी फार लोकप्रिय आहे. हिशेब करून पाहा. दोन्ही ८ ओहमची, अँप ४०० वॉट देतोय. प्रत्येक कॅबिनेटला २०० वॉट. दहा इंचीच्या प्रत्येक स्पीकरला ५०, आणि पंधरा इंचीच्या एकट्याला २००. म्हणजे दहा इंची निवांत असताना पंधरा इंची दमलेला असतो, आणि पूर्ण जोडीची मर्यादा तोच ठरवतो. ओहम वेगळे असतील तर वाटणी आणखी तिरकी होते: ४ आणि ८ एकत्र लावले की दोन-तृतीयांश ताकद ४ वाल्याकडे जाते, कारण कमी ओहमवाला जास्त ओढतो.

पंधरा इंची म्हणजे खालचा आवाज, दहा इंची म्हणजे वरचा, ही समजूतही सोडून द्यावी. खाली किती जातं हे पेटीचं आकारमान, ट्यूनिंग आणि स्पीकरची घडण मिळून ठरतं. लहान पेटी, खोल खर्ज आणि भरपूर आवाज, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. ध्वनिशास्त्रात हा हॉफमनचा नियम म्हणून ओळखला जातो आणि कुठलाही नवा स्पीकर त्यातून सुटलेला नाही.

आधीच अशी मिश्र जोडी तुमच्याकडे असेल आणि तिचा आवाज आवडत असेल तर जरूर वाजवा. आवाजाची मर्यादा लहान भावंडाच्या, म्हणजे इथे पंधरा इंचीच्या ताकदीवर ठरवा, एवढंच.

दुसरं कॅबिनेट लावलं आणि खर्जच गेला

हे घडलं तर ओहम आणि वॉट बाजूला ठेवा. एका कॅबिनेटची तार आत उलटी जोडलीय. एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर तसेच राहतात, म्हणून आवाज पातळ, पोकळ लागतो.

पडताळायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. कॅबिनेट अँपपासून सोडवा, स्पीकर केबल त्यात लावा, जाळी काढता येत असेल तर काढा. सेलची अधिक बाजू पिनच्या टोकाला आणि उणे बाजू दांड्याला क्षणभर टेकवा. ‘टप्‌’ असा बारीक आवाज होऊन पडदा किंचित बाहेर सरकायला हवा. नीट दिसलं नाही तर बोटाचं टोक पडद्यावर अलगद ठेवा, जाणवतं. टेकवून धरू नका. मग दुसऱ्या कॅबिनेटला तसंच करा, तीच केबल वापरून. दोन्ही एकाच दिशेने सरकली तर जोडणी बरोबर. एक उलट गेलं तर त्याची जॅकची पट्टी चार स्क्रू सोडवून काढा आणि मागच्या दोन वायरांची अदलाबदल करा. त्याआधी चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये चारही पडदे एका दिशेने जातात का ते पाहा. स्पीकर बदलताना एखादाच उलटा लागलेला असतो, आणि मग फक्त त्याच्याच वायरी बदलायच्या.

जोडणी बरोबर असूनही खर्ज गायब असेल तर कॅबिनेट कुठे ठेवलंय ते बघा. मागच्या भिंतीवरून परत आलेली लाट पुढच्या लाटेला विशिष्ट अंतरावर मारते. स्पीकरपासून भिंत ८५ सेंटिमीटरवर असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि बेसला तो भाग फार गरजेचा आहे. कॅबिनेट भिंतीला टेकवा, फरक लगेच कळेल. दोन कॅबिनेट असतील तर शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक ठेवा. वरचा स्पीकर कानाजवळ येतो आणि बाजूला उभ्या असलेल्यांनाही सारखं ऐकू जातं. वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो नॉब वाढवतो, आणि अँप तापायला लागतो ते बऱ्याचदा केवळ कॅबिनेट गुडघ्याच्या उंचीवर असल्यामुळे.

सगळं जुळतंय, तरी बंद पडतोय

मग अँपकडे वळा. हवेच्या जाळ्या धुळीने भरल्यात का, फॅन फिरतोय का, हेड बंद पेटीत किंवा मागून झाकलेल्या रॅकमध्ये आहे का, हे आधी पाहा. त्यानंतर बाकी सगळं काढून मीटरवर तपासलेलं एकच ८ ओहमचं कॅबिनेट आणि खात्रीची स्पीकर केबल लावा, आणि नेहमीच्या आवाजात अर्धा तास वाजवा. व्हॉल्व्ह अँप असेल तर त्याआधी स्विच ८ वर आणा. अशा हलक्या लोडवरही बंद पडला तर दोष अँपच्या आत आहे. दुरुस्त करणाऱ्याला देताना कागदावर लिहून द्या: किती ओहमवर, किती वेळाने, तापून की जोरात वाजवल्यावर, आणि कॅबिनेटचा मीटरवरचा आकडा किती. एवढी माहिती हातात असली की तो स्पीकरमध्ये दोष शोधण्यात वेळ न घालवता थेट आउटपुटचा भाग आणि तापमानाचा सेन्सर तपासायला घेतो.